उंबऱ्यावरच्या पाहुण्या

आखाजी हा लेकींचा सण, हे खानदेशात लहान पोरही सांगेल. बाकीचा महाराष्ट्र अक्षय्य तृतीयेला सोनं घेतो, आम्ही लेकी घरी आणतो. कडुलिंबाला झोके टांगतात, गौराई बसते, गाणी होतात, आणि वर्षभर सासरी राबलेली बाई चार दिवस आईच्या घरी पाय पसरून बसते. ऐकायला किती गोड! पण मी एक साधा प्रश्न विचारते. सगळ्या लेकी माहेरी गेल्या, तर तिथे त्यांच्यासाठी पोळ्या कोण करतं? सून. आणि ती सून काय आकाशातून पडलेली असते? माझं माहेर धुळ्याला. सासर भडगावजवळ, गिरणेच्या काठच्या एका गावात. आम्ही राहतो जळगावला, पिंप्राळ्यात. लग्नानंतरची पहिली आखाजी तेवढी धुळ्याला झाली, पुढच्या सगळ्या सासरच्या चुलीपुढे. नवऱ्याला बोलून दाखवलं तर तो म्हणतो, "अगं, तुझ्या धुळ्याच्या वहिनीचंही तेच असेल ना." असा हा समजूतदार माणूस.

पण माझं निदान माहेर तरी आहे. माझ्या सासूबाईंना तेही नव्हतं.

त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणायचो. अक्का साक्रीकडच्या. आई त्यांना आठवतच नव्हती, इतक्या लहानपणी गेलेली. बाप पुढे दोन-चार वर्षांत गेला. पाठीवर भाऊ नाही, बहीण नाही. काकांनी वाढवलं, लग्न लावून दिलं, आणि पुढे काकांची मुलं शेत-घर विकून सुरतेला गेली ती तिकडचीच झाली. आखाजी आली की अक्का दुसऱ्यांच्या पोरींसाठी दोर आणायच्या, झोका घट्ट बसलाय का ते ओढून बघायच्या, आणि आत येऊन पुरण वाटायला बसायच्या. कधी तोंड वाकडं केलं नाही. फक्त बाहेर गाणी सुरू झाली की पाट्यावरचा हात जरा जोरात चालायचा. हे मला नव्या नवरीलाही कळलं होतं.

आता त्या वर्षाचं सांगते, ज्या वर्षी जर्मनीची पोर आखाजीला आली.

माझी लेक तिकडे शिकायला गेली आणि नोकरीला लागली. ती गेल्यावर वर्षभरात माझे सासरे, म्हणजे आबा, वारले. लेकीला येता आलं नाही. आबांची ती फार लाडकी, त्यामुळे ते तिच्या मनाला लागून राहिलं. त्या नोव्हेंबरात तिची मैत्रीण तिला सुट्टीसाठी आपल्या गावी घेऊन गेली. समुद्राकाठचं गाव. त्यांच्याकडे त्या महिन्यात एक दिवस असतो म्हणे, त्या दिवशी घरदार मिळून कबरस्तानात जातं आणि आपापल्या माणसांच्या कबरीवर दिवा ठेवतं. त्या मैत्रिणीची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. पण आईची इच्छा अशी की मला मातीत पुरू नका, समुद्रात सोडा. तशी त्यांनी राख बोटीतून नेऊन समुद्रात सोडली. इच्छा पुरी झाली, पण पोरीची पंचाईत झाली. सगळं गाव दिवे घेऊन निघतं आणि हिला दिवा ठेवायला जागाच नाही! मग ती आजीच्या कबरीच्या कोपऱ्यावर आईचा दिवा ठेवते.

त्या दिवशी त्या घरातल्या मावशीने माझ्या लेकीच्या हातातही एक दिवा दिला. म्हणाली, तुझे आजोबा गेले ना, त्यांचा लाव. आणि आमच्या आबांचा दिवा, ज्यांनी मुंबईसुद्धा दोनदाच बघितली, जर्मनीत कुण्या अनोळखी आजीच्या कबरीवर थंडीत जळत राहिला. लेकीने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी ओट्याजवळ उभी होते. तिथेच ढसाढसा रडले. त्या मावशीचे पाय धरावेसे वाटले मला.

म्हणून लेक जेव्हा म्हणाली, "आई, मी आखाजीला येते आणि तिलाही आणते," तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. फक्त एवढंच म्हटलं, "अगं, आखाजीच्या वेळी जळगावची माणसं जळगाव सोडून पळतात. ती पोर वाळून जाईल."

"वाळू दे," लेक म्हणाली. "तिला कुठे घर आहे आता? तिच्या बाबांनी दुसरं लग्न केलं. सणाला मावशीकडे जाते ती."

झालं. आमच्याकडे धावपळ सुरू झाली. नवऱ्याने पाण्याच्या बाटल्यांची खोकी आणली, ब्रेड आणला, जॅम आणला, टॉयलेट पेपर आणला आणि गावच्या घरासाठी नवा कूलर. मी म्हटलं, मी लग्न होऊन आले तेव्हा एक हातपंखा तरी आणला होता का कुणी? तो म्हणाला, "तू काय पाहुणी होतीस?" या वाक्याचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही, पण ते मनात ठेवलं.

पोर आली. उंच, हडकुळी, केस गव्हाच्या काडीच्या रंगाचे, आणि स्टेशनातून बाहेर येईपर्यंत तोंड लालबुंद. पण हसरी. गावी पोचलो तर निम्मं गाव ओसरीवर. बाया तिला बघायला आल्या होत्या आणि ती बायांना बघत होती. माझ्या नणंदा आदल्या दिवशीच आलेल्या. अक्कांनी तिचा हात हातात घेतला, तळवा फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "व माय, काम करेल हात शे." म्हणजे कष्टाचा हात आहे. पुढे कळलं, पोर सुतारकाम करते. खुर्च्या बनवते. अक्कांना हे आधीच समजलं होतं!

पहिल्या जेवणाला मात्र गोंधळ झाला. त्या पोरीला लहानपणापासून शिकवलेलं की ताटात वाढलेलं टाकायचं नाही, ताट चाटूनपुसून स्वच्छ करायचं, नाहीतर घरच्यांचा अपमान होतो. आणि आमच्याकडे पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं तर घरच्यांचा अपमान! मग काय विचारता. ती संपवते, नणंद वाढते. ती पुन्हा संपवते, दुसरी नणंद वाढते. लेक नेमकी अंघोळीला गेलेली. आमरसाची वाटी तर विहिरीचा झरा असल्यासारखी भरतच होती. शेवटी पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं तरी ती आपली गिळतेय. लेक ओले केस घेऊन धावत आली आणि ओरडली, "अगं माराल तिला!" मग तिला समजावलं की पोट भरलं की थोडं ताटात ठेवायचं. पोरीने पोटावर हात ठेवून एवढा मोठा श्वास सोडला की अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. त्या क्षणापासून दोघींची गट्टी जमली.

आखाजीच्या आदल्या दिवशी अक्कांनी चुलीजवळ खुर्चीवर बसून तिला खापरावरची पोळी शिकवायला घेतली. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते: चुलीवर मातीचं खापर पालथं घालतात. पोळी पोळपाटावर संपत नाही. ती हातांवर घेऊन, या हातावरून त्या हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत मोठी करत नेतात आणि मग खापरावर टाकतात. मला यायला तीन आखाज्या लागल्या आणि त्यात किती बोलणी खाल्ली ते मलाच ठाऊक. या पोरीच्या पहिल्या पोळीचं पुरण चुलीत, दुसरीचं तिच्या अंगावर. तिसरी नकाशासारखी वाकडीतिकडी, पण खापरावर पडली. अक्का म्हणाल्या, "जमनी! मनी सून पेक्षा लवकर जमनी." लेकी बोले सुने लागे, दुसरं काय. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चुलीजवळ बसल्या बसल्या पोरीने लेकीला काहीतरी विचारलं आणि लेकीने ते अक्कांना सांगितलं. "अक्का, ती विचारतेय, तुम्ही आखाजीला तुमच्या आईकडे जायच्या का?"

अक्का निखारे सारखे करत होत्या. "माले माहेरच नव्हतं," त्या म्हणाल्या.

"आईचं नाव काय होतं?" पोरीने लेकीकडून विचारून घेतलं.

अक्कांनी खरंच आठवून बघितलं. मग म्हणाल्या, "माय." आणि जरा वेळाने, "सांगाले कोनी ऱ्हायनंच नही." सांगायला कुणी उरलंच नाही. आईचं नाव काय हे त्या म्हाताऱ्या बाईला कुणी विचारलेलं मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं. ते विचारायला जर्मनीहून पोर यावी लागली. तिने पिठाचे हात अक्कांच्या गुडघ्यावर ठेवले. नव्या लुगड्याला पिठाचे पंजे उमटले आणि अक्कांनी ते झटकले नाहीत.

आता आखाजीची दुसरी बाजू सांगायला हवी. हा लेकींचा सण तसाच पितरांचाही. सकाळी लाल मातीची घागर भरतात, तिच्या तोंडावर छोटं मातीचं डेरगं, त्यावर खरबूज. आणि मग घरातला वडीलधारा पुरुष उंबऱ्याशी बसतो. ओल्या कुंकवात बोट बुडवतो, एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेतो आणि उंबऱ्यावर एकेक बोट उमटवतो. त्या बोटांमागून ती माणसं घरात जेवायला येतात, असा आमचा समज. त्यांच्यासाठी निखाऱ्यावर तूप आणि घास टाकतात, त्याला आगारी म्हणायचं. गावचं घर नवं बांधलं, फरशी घातली, दारं बदलली, पण उंबरा जुनाच सागवानी बसवून घेतला. सगळ्यांना ठेचा लागतात त्याच्या. तो हलवायचं मात्र कुणाच्या मनातही येत नाही. एवढी माणसं त्याच्यावरून वर्षाला एकदा आत येतात.

ही बोटं लावायचा मान आबांनंतर नानांकडे आला. नाना म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, माझे चुलत सासरे. तापट, पण मनाने वाईट नाही. लेकीने आदल्या संध्याकाळी त्यांच्यापुढे विषय काढला. नाना ओसरीवर पत्ते कुटत होते. आखाजीला आमच्याकडे पत्त्यांना मोकळीक असते, देवाचीही आणि बायकोचीही. लेक म्हणाली, "नाना, उद्या उंबऱ्यावर हिच्या आईचंही एक बोट लावू या का? तिच्या आईला कुठे जागाच नाहीये."

नानांनी पत्ते खाली ठेवले. "नही," म्हणाले.

माझी लेक माझीच लेक आहे. भडकली. "का नाही? त्यांच्या कबरस्तानात आबांचा दिवा लागला. त्यांनी विचारलं का, हा कुठला, कोणत्या जातीचा, कोणत्या देवाचा? आबा तिकडे चालतात आणि तिची आई आपल्या उंबऱ्यावर चालत नाही?"

आबांच्या दिव्याचं नानांना माहीत नव्हतं. मला वाटलं, आता हे आवाज चढवणार. पण ते हळू आवाजात बोलले, आणि ते जे बोलले ते मी आजपर्यंत विसरले नाही.

"जात-धरमनं नही, पोरी," नाना म्हणाले. "उंबरावर ज्याले एकदाव बलावं, त्याले दरसाल बलावनं पडस. तू परत जाशी, ती बी जाई. पुढला साल तिनी माय ई, दार जोडे उभी ऱ्हाई, अन् तिनं बोटच नही. उपाशी फिरी जाई ती. त्यापेक्षा बलावालेच नको."

म्हणजे एकदा बोलावलं की दरवर्षी बोलवावं लागतं, नाहीतर तिची आई येऊन दाराजवळून उपाशी परत जाईल. मी मनातल्या मनात नानांना चार शिव्या देऊन तयार होते आणि त्यांनी असं काही बोलून ठेवलं की राग कुठे ठेवावा तेच कळेना. माणूस देवा-धर्माचं बोलला असता तर भांडता आलं असतं. हा तर मेलेल्या परक्या बाईच्या उपासाची काळजी करत होता.

लेकीने मैत्रिणीला सगळं जसंच्या तसं सांगितलं. पोर चिडली नाही. म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं." पण त्या संध्याकाळी झोक्यावर बसायला बोलावलं तर आली नाही. कूलरसमोर पाय जवळ घेऊन बसून राहिली. अक्का पलंगावर पडल्या होत्या, त्यांनी हे सगळं ऐकलं होतं, पण तोंडातून शब्द काढला नाही. मला त्यांचाही राग आला. म्हटलं, दुपारी तिचे पिठाचे हात गुडघ्यावर घेऊन बसल्या होत्या, आणि आता एक शब्द बोलवत नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी घागर भरली. उंबरा धुतला, पुसला. नाना धोतर नेसून पाटावर बसले. आम्ही बाया आतल्या बाजूला उभ्या, पुरुष बाहेर. अक्कांचे गुडघे गेलेले, म्हणून त्यांच्यासाठी दाराशीच खुर्ची ठेवली होती. नानांनी बोट बुडवलं. आजा, पणजा, आबा, एका काकांचं, तरण्या वयात गेलेल्या एका भावाचं. बायकांची बोटं आमच्याकडे नवऱ्याच्या शेजारी, आणि त्यांची नावं जुन्या माणसांनाही धड ठाऊक नसतात. अमक्याची माय, तमक्याची बायको, एवढ्यावर भागतं. नाव घेतलं की बोट, बोटावर थेंबभर पाणी. उंबरा डाव्या बाजूने भरत भरत मध्यापर्यंत आला आणि नानांनी कुंकवाची वाटी खाली ठेवली.

"वाटी माले दे," अक्का म्हणाल्या.

नानांना वाटलं, बायांच्या हळदी-कुंकवाला हवी असेल. त्यांनी दिली. अक्का खुर्चीवरून उतरायला लागल्या. मी धरायला धावले, नणंद धावली. ज्या बाईला संडासला जायला दोघींचा आधार लागायचा, ती खाली फरशीवर बसली. उंबऱ्याच्या उजव्या टोकाला, जिथे कुणाचंच बोट नव्हतं, तिथे सरकली. पोरीला बोटाने जवळ बोलावलं. पोर काही न समजून गुडघ्यांवर बसली. अक्कांनी कुंकवात बोट बुडवलं आणि लेकीला म्हणाल्या, "इले इनी मायनं नाव ले म्हनाव."

लेकीने सांगितलं. पोरीने आधी नानांकडे बघितलं.

"वहिनी," नाना म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, काकुळतीचा होता. "पुढला साल कोन जेवाडी तिले?"

"मी जेवाडसू," अक्का म्हणाल्या. "मी नसनू ते मनी सून." आणि त्यांनी वर माझ्याकडे बघितलं. विचारलं नाही, सांगितलं. मी मान हलवली. जन्मात सासूच्या कुठल्या हुकमाला मी इतक्या झटकन मान हलवली नसेल.

पोरीने आईचं नाव घेतलं. एकदाच, हळू. अक्कांनी बोट टेकवलं आणि पाण्याचा थेंब सोडला. पोर रडायला लागली. आवाज नाही, नुसतं पाणी. आम्हाला वाटलं झालं. मी अक्कांना उठवायला वाकले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि पुन्हा कुंकवात बोट बुडवलं.

जर्मनीच्या बाईच्या शेजारी, अगदी खेटून, त्यांनी दुसरं बोट ठेवलं. ते जरा फिसकटलं.

"हाई मनी मायनं," अक्का म्हणाल्या. नाव घेतलं नाही. नाव नव्हतंच. "दोन्ही परक्या शेत. एकीले एक सोबत व्हई." म्हणजे दोघी परक्या आहेत, एकमेकींना सोबत होईल.

लग्न होऊन आलेल्या बाईने सासरच्या उंबऱ्यावर आपल्या आईला बोलवायचं नसतं. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. माहेरचे पितर माहेरी जेवतात. आणि ज्या बाईचं माहेरच नाही, तिच्या आईला कोण जेवू घालणार, हा विचार त्या उंबऱ्यावर कुणी केला नव्हता. आदल्या संध्याकाळी पलंगावर गप्प पडून अक्का तोच करत होत्या, आणि मी इकडे त्यांच्यावर जळफळत होते. नानांना आपल्या शब्दांनी वहिनीला कुठे नेलं ते कळलं असावं. परक्या बाईच्या उपासाची काळजी त्यांनी केली, आणि अक्कांना आपल्या आईचा एवढ्या वर्षांचा उपास दिसला. नाना उठले, आतून तुपाची वाटी घेऊन आले आणि ती माझ्या हातात दिली. "आगारीले दोन घास जास्त टाक," एवढंच म्हणाले.

मी टाकले. तूप निखाऱ्यावर चर्र वाजलं, धूर झाला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते धुरामुळेच आलं असं ठरवून आम्ही जेवायला बसलो. पोरीने ताटात थोडी पोळी मुद्दाम ठेवली आणि सगळ्यांना दाखवली. संध्याकाळी ती झोक्यावर बसली. तिला झोका द्यायला अक्का खुर्ची घेऊन कडुलिंबाखाली बसल्या होत्या.

नवऱ्याने त्या रात्री जेवताना मला विचारलं, "एवढं काय झालं गं तुला? सकाळपासून गप्प आहेस." मी म्हटलं, "तू विचारलं होतंस ना, मी काय पाहुणी होते का म्हणून? पाहुणी असते तर बरं होतं. पाहुण्यांना निदान आईचं नाव विचारतात." त्याने घास तसाच ठेवला. पुढच्या आखाजीच्या पुढच्याच आठवड्यात मला धुळ्याला घेऊन जाईन म्हणाला. आखाजी झाल्यावर का, असं मी विचारलं नाही. काही माणसांना एका दिवसात एवढंच सुचतं.

पोर परत गेली. दिवाळी झाली आणि अक्का गेल्या. झोपेत, कुणाला त्रास न देता. जर्मनीहून त्या मावशीच्या घरचा फोटो आला, आजीच्या कबरीवर ओळीने दिवे. लेकीने कोणता कुणाचा ते सांगितलं. एक अक्कांचा होता.

मग आखाजी आली. मी गावी गेले. अक्कांनी मला जे सांगून ठेवलं होतं ते माझ्या छातीवर धोंड्यासारखं होतं. नाना विसरले असतील तर? नाही म्हणाले तर? मी सून, मी वाटी मागायची कशी? अक्कांना वयाचा अधिकार होता, मला कसला? मी आदल्या दिवसापासून मनात भांडण जुळवत होते. कुठे काय बोलायचं, नाना काय म्हणतील, त्यावर मी काय म्हणेन.

उंबरा धुतला. नाना पाटावर बसले. या एका वर्षात ते फार थकले होते, वहिनी गेल्यापासून घरात त्यांच्याशी भांडणारं कुणी उरलं नव्हतं. आजा झाला, पणजा झाला, काका झाले, भाऊ झाला. आबांचं बोट लावलं. आता त्याच्या शेजारी अक्कांचं. नवऱ्याच्या शेजारी बायको, हा रिवाज. नानांनी बोट कुंकवात बुडवलं, आबांच्या बोटाजवळ नेलं आणि तसंच हवेत धरून ठेवलं.

मग मागे वळून त्यांनी माझ्याकडे बघितलं. नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे. उंबऱ्याच्या उजव्या टोकाकडे मान करून विचारलं, "वहिनीले कोठे बसाडू? दादाजोडे, का मायजोडे?" दादा म्हणजे आबा; त्यांच्याजवळ, की तिच्या आईजवळ.

मी जुळवलेलं सगळं भांडण तिथेच राहिलं.

"मायजोडे," मी म्हणाले.

"हा," नाना म्हणाले. "आखाजी शे. माहेरलेच जाई ती." आणि पाट उचलून ते उंबऱ्याच्या त्या टोकाला जाऊन बसले.